आवाज पुढे, ताई मागे

अण्णांशी बोलायचं तर त्यांच्या समोर उभं राहायचं, हा आमच्या घरातला पहिला नियम. पाठमोरं बोललेलं त्यांच्यापर्यंत पोचायचं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात ते मिलवर फिटर होते, आणि ऊस चिरडणाऱ्या त्या रोलरांच्या धडधडाटात वीसेक हंगाम काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. दार आपटल्याचा, ट्रॅक्टरचा, आईचा चिडल्यावरचा, असे दणदणीत आवाज तेवढे त्यांना यायचे. बाकीचं ते तोंडाकडे बघून ओळखायचे. थोडं कानानं, थोडं डोळ्यानं जुळवून घ्यायचे, आणि ते इतकं बेमालूम की नव्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

मिलवर तर धडक्या कानाचाही उपयोग नव्हता. तिथे सगळे ओठांनीच बोलायचे. आवाज काढायचाच नाही, शब्द तोंडात मोठा करून सावकाश फिरवायचा आणि जोडीला हातांच्या खुणा करायच्या. ही बोली अण्णांनी घरी आणली आणि माझ्या मोठ्या बहिणीनं, ताईनं, ती उचलली. आई ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत असली की तिच्या पाठीमागे या दोघांची अख्खी मैफल रंगायची. आमटीत मीठ किती पडलंय इथपासून मामा आज का रुसून गेला इथपर्यंत सगळं. आईला कुठून तरी वास लागायचा, ती गर्रकन वळायची, आणि दोघं भोळेभाबडे चेहरे करून ताटात बघायचे.

मला ती बोली कधी आली नाही. मी पुस्तकात डोकं घालून बसणारी, त्यात नाकावर राग. "काय म्हणालात?" असं विचारलं की ताई म्हणायची, "कुठं काय?" मला या 'कुठं काय'चा भयंकर संताप यायचा. खरं सांगायचं तर तो निव्वळ मत्सर होता.

ताईचं लग्न साखर कारखान्यातल्या एका केमिस्टशी झालं आणि वर्षाच्या आत तो तिला घेऊन केनियाला गेला, तिथल्या कारखान्यात. महिन्यातून एकदा फाट्यावरच्या एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा. आई बोलायची, मी बोलायचे, आणि मग रिसीव्हर अण्णांकडे जायचा. फोनला तोंड नसतं. अण्णा आपले अंदाजानं "व्हय, व्हय, बरं हाय" करत राहायचे. एकदा तिकडे पाऊस नाही, पाण्याचे हाल आहेत असं ती सांगत होती, तर हे म्हणाले, "लई चांगलं झालं." त्यानंतर ते बूथवर आले तरी बाहेरच्या बाकावर बसून राहायचे.

पत्रं यायची. 'मी मजेत आहे, काळजी नसावी.' अण्णा ते चष्मा लावून दोनदा वाचायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे.

"कागदाला काय, कायबी लिवा," ते म्हणायचे. "तोंड बघितल्याबिगर मला कळायचं न्हाई ती बरी हाय का न्हाई."

"मी बोलती न्हवं तिच्यासंगं?" आई म्हणायची. "आवाज चांगला खणखणीत हाय तिचा. बरी हाय."

अण्णा मान हलवायचे, पण पटलेलं नसायचं. दोन वर्षं हा माणूस त्या एकाच प्रश्नावर अडून बसला होता. पोरगी खरंच बरी आहे का?

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात ताईच्या नवऱ्याचा एक सहकारी सुट्टीवर आला आणि तिनं दिलेलं पुडकं घरी देऊन गेला. त्यात चहाची पावडर होती, आईला एक रंगीबेरंगी कापड होतं आणि एक चकचकीत व्हीसीडी होती. सोबत चिठ्ठी: 'अण्णा, यात मी तुमच्याशी बोलले आहे. शेवटपर्यंत बघा.'

अण्णांनी ती चकती शर्टाच्या टोकानं पुसली आणि माझ्या हातात दिली. "तुझ्या मशीनवर लागंल का?"

"म्हणजे काय!" मी म्हणाले. घोडं इथेच अडलं.

मी तेव्हा राहुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. क्लासनं मोडीत काढलेलं एक पेंटियम मशीन मी घरी आणलं होतं आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. त्या काळी कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत सीडी फुकट यायची, तशा एका सीडीवर ते आलं. फुकट होतं हे लिनक्स घालण्याचं एक कारण. 'हे बायकांचं काम नाही' असं क्लासमधले एक सर चहा पिता पिता म्हणाले होते, हे दुसरं. पहिलं मी लोकांना सांगायचे.

लिनक्सवर सिनेमा लावायचा म्हणजे तेव्हा दिव्यच होतं. माझ्याकडे एक प्लेअर, म्हणजे चित्र दाखवणारा प्रोग्रॅम होता, त्याला काळ्या खिडकीत टाईप करून हुकूम सोडायचे. नगरहून भाड्यानं व्हीसीडी प्लेअर आणून टीव्हीला जोडता आला असता, आणि आईनं ते पहिल्याच दिवशी सुचवलं होतं. पण घरात माझं मशीन असताना भाड्याचा डबा आणायचा? मी ऐकलं नाही. क्लासमध्ये विंडोजची चांगली मशीनं होती, तर तिथे यायला अण्णा तयार नव्हते. "धा लोकांत बसून लेकीचं तोंड बघायचं? मला न्हाई जमायचं."

रविवारी सकाळी आईनं कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. अण्णा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. स्पीकर त्यांच्या उजव्या कानाशी ठेवले, कारण तो जरा बरा होता. मी चित्र पडदाभर मोठं केलं, थिएटरसारखं, आणि एंटर मारला.

ताई आली! वेताच्या खुर्चीत बसलेली, मागे पिवळी भिंत, जरा वाळलेली. "अण्णा, आई, नमस्कार करते." आईनं पदर तोंडाला लावला. पहिलं मिनिट झकास गेलं. मग काहीतरी बिनसायला लागलं. ताईचा आवाज पुढे पळू लागला आणि ताई मागे राहिली. आधी हसणं ऐकू यायचं, मग सावकाश ती हसायची. पाच मिनिटांत तर अशी गत झाली की आवाज बाजारातल्या भाज्या सांगत होता आणि ताईचं तोंड अजून नवऱ्याच्या बॉसविषयी बोलत होतं.

आईला आणि मला काही अडत नव्हतं, आम्हाला कानांनी कळत होतं. अण्णांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. ते पडद्याकडे वाकले, मग स्पीकरकडे वाकले, मग दोन्हींच्या मधोमध कुठेतरी बघत राहिले. शेवटी उठले आणि चपला घालायला लागले.

"अवं, निम्मंबी झालं न्हाई अजून," आई म्हणाली.

"तोंड तिचं हाय, बोलनं तिचं न्हाई," अण्णा म्हणाले आणि बाहेर गेले.

मला इतकं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी त्या मशीनला नको नको ते बोलले. अण्णांसाठी आवाज आणि ओठ ही दोन चाकं होती. एक पुढे आणि एक मागे म्हटल्यावर गाडी हलणार कशी? आम्हा धडक्या कानांच्या लोकांना तोंड मागे राहिलं तरी फरक पडत नाही. त्यांना त्यात लेक ओळखू येईना.

क्लासमधून येता-येता मी डोक्यात रोज एकच विचार घोळवायचे. इंटरनेट घरी नव्हतं. प्लेअरसोबत आलेलं इंग्रजी माहितीपत्रक छापून घेतलं आणि ओळ न् ओळ लाल पेनानं अधोरेखित केली. रोग कळला. मशीन अशक्त होतं. सेकंदाला पंचवीस चित्रं उलगडून दाखवायची, ती त्याला वेळेत दाखवता येत नव्हती. आवाज हलका, तो वेळेवर निघायचा आणि चित्रं मागे राहायची. त्यावर एक औषधही होतं. उशीर झालेली चित्रं गाळून टाक, असा हुकूम प्लेअरला देता यायचा. मी दिला. आवाज आणि ताई एका ओळीत आली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

अण्णांना बोलावलं. ते दोन मिनिटं बसले.

"हिचे व्हट मदनंच उड्या मारत्यात," ते म्हणाले. "निम्मं बोलनं गाळलंस तू."

खरंच होतं. गाळलेल्या चित्रांत ताईचे ओठ गेले होते. ते पुन्हा उठले, आणि यावेळी तर माझीच समजूत घालत उठले, "ऱ्हाऊ दे बाई, तू कशापायी जीव काढती?" ते मला आणखीच झोंबलं.

त्यातच दुसरा रोग निघाला. सीडी पुढे सरकवून बघताना लक्षात आलं की शेवटची तीनेक मिनिटं आवाजच नाही. ताईचं तोंड हलतंय, हात हलतायत, आणि स्पीकर गप्प. मी हादरले. मग मी साउंड कार्डाच्या मागे हात धुऊन लागले. कार्ड काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. लिनक्सचा जो गाभा असतो, कर्नेल, तो आवाजाच्या नव्या जोडणीसह पुन्हा घडवायला घेतला. तेव्हा ते करावं लागायचं. माझ्या मशीनला त्यासाठी अख्खी दुपार लागायची. पडद्यावर अगम्य ओळी धावायच्या आणि आई येता-जाता विचारायची, "शिजलं का?" दोनदा घडवला, दोन्ही वेळा तीच तीन मिनिटं मुकी.

"कुत्रं तर भुकतंय की," तिसऱ्यांदा लावलं तेव्हा आई शेजारी उभी राहून म्हणाली.

"बाहेरचं आहे ते."

"बाहेर कुठं? ह्याच्यातनं येतंय." तिनं स्पीकरवर बोट ठेवलं.

"आई, मला काम करू दे!" मी खेकसले. ती ओठ आवळून निघून गेली. तिच्या बोलण्याकडे मी दोन घटका लक्ष दिलं असतं तर माझा एक आठवडा वाचला असता. कुत्र्याचा आवाज येत होता, म्हणजे कार्ड ठणठणीत होतं. पण मला फक्त आकडे दिसत होते. त्या आठवडाभरात पडद्यावरच्या ताईकडे मी धड एकदाही बघितलं नाही.

पुढच्या रविवारी अण्णाच आपणहून आले. उन्हाळ्यात कारखाना बंद असतो, मिल खोलून दुरुस्तीचं काम चालतं, त्यामुळे त्यांचे हात काळे आणि मिजास फिटरची होती. माझ्या मागे उभे राहून त्यांनी काही वेळ ते उड्या मारणारं चित्र बघितलं.

"एवढं मोठं का केलंय?"

"छान दिसतं म्हणून."

"मशीनला वढना झालंय. ऊस कमी टाक."

माहितीपत्रकाची चाळीस पानं वाचून मला जे सुचलं नव्हतं ते या माणसानं उभ्या-उभ्या सांगितलं. चित्र ताणून पडदाभर करायलाच मशीनचा निम्मा दम जात होता, आणि ते ताणलं होतं मी, निव्वळ हौसेपायी. चित्र मूळ मापावर आणलं, पोस्टकार्डाएवढं. रंगही कमी केले. गाळण्याचा हुकूम काढून टाकला. ताईचे ओठ लोण्यासारखे हलायला लागले.

अण्णा खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले. "आता आवाज मागं हाय."

मला काही फरक जाणवेना. "कशावरून?"

"'आमी' म्हनताना बघ. 'म'ला व्हट मिटत्यात. व्हट मिटून उघडल्यावर आवाज येतो. आन 'बाजार' म्हनताना बघ, तितंबी तसंच."

मी बघितलं. पहिल्यांदाच मी ताईच्या ओठांकडे बघितलं. खरंच, ओठ उघडून पुढच्या अक्षराला लागायचे तेव्हा कुठे मागचा आवाज पोचायचा. हा साउंड कार्डाचा दोष. ते आवाज जरा साठवून मग सोडायचं. यावरही प्लेअरमध्ये एक आकडा होता, चित्र किती थांबवायचं ते सांगणारा. किती, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"पत्र्या घालून बघू," अण्णा म्हणाले. मोटर आणि मिलचा दांडा एका रेषेत आणायचा तर फिटर लोक बुडाखाली पातळ पत्र्या सारतात, एक घाल, बघ, अजून एक घाल, अर्धी काढ, असं करत जातात. त्यांना मिलीसेकंद समजावण्यापेक्षा मी पन्नास मिलीसेकंदांची एक पत्री ठरवून टाकली. मी आकडा बदलायचे, ते बघायचे आणि बोटांनी सांगायचे. दोन घाल. अजून एक. एक काढ. अर्धी घाल. जन्मात पहिल्यांदा मी आणि अण्णा एकत्र एक काम करत होतो, आणि ते माझ्यावर ओरडत होते, "अगं लई झाली, काढ!" मला इतकी मजा येत होती की काम संपूच नये असं वाटत होतं.

सहा पत्र्यांवर त्यांनी हात वर केला. ताई बोलत होती आणि ते ऐकत होते. मधेच "हां" म्हणत होते, तिच्या विनोदाला बरोब्बर जागेवर हसत होते. आई हातातलं टाकून दारात येऊन उभी राहिली. ताईनं तिथलं घर सांगितलं, कारखाना सांगितला, मी मजेत आहे हेही सांगितलं. त्या वाक्याला अण्णा हसले नाहीत, नुसते बघत राहिले.

आणि मग आवाज गेला.

"अण्णा, हे अजून राहिलंय," मी घाईघाईनं म्हणाले. "इथे साउंड कार्ड..."

त्यांनी मान न वळवता पंजा दाखवला. थांब.

पडद्यावर ताई कॅमेऱ्याजवळ सरकली होती. शब्द तोंडात मोठा करून सावकाश फिरवत होती, आणि हातांनी खुणा करत होती. मागे कुठेतरी ते कुत्रं भुंकत होतं. अण्णांचे स्वतःचे ओठ हलायला लागले. ते एकदा खो-खो हसले. मग बघता-बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्यांनी हातसुद्धा उचलला नाही, कारण तेवढ्यात काही निसटलं असतं.

बिघाड नव्हताच. ती मिलची बोली बोलत होती. कॅमेऱ्याच्या मागे बहुतेक नवरा असावा, किंवा कॅमेरा भाड्यानं देणारा एखादा दुकानदार, त्यांच्या देखत ती फक्त अण्णांशी बोलली होती. आणि मी तो आवाज दुरुस्त करण्यासाठी दोनदा कर्नेल शिजवला होता.

चित्र संपलं. आईनं विचारलं, "काय म्हनली?"

अण्णांनी चष्मा काढला. "पयलं वरीस रडून काडलं म्हनती. भाषा न्हाई, मानूस न्हाई. दिवसभर घरात कोंडून. दोनदा बॅग भरली हुती."

आई दारातून आत आली. "मला फोनवर एका शब्दानं बोलली न्हाई. मी म्हनायची, आवाज चांगला हाय..."

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मंग ती अजून रडली असती."

आई पडद्याजवळ येऊन उभी राहिली. मग मला म्हणाली, "परत लाव. आन तुमी मोठ्यानं सांगा, काय काय म्हनली ते. समदं."

मी ती तीन मिनिटं परत लावली. ताई ओठ हलवायची आणि मागोमाग अण्णा तिचं वाक्य बोलायचे. आवाज चांगला दोन-दोन सेकंद मागे पडत होता, कधी चार. तिनं तिथल्या मुलांना गणित शिकवायला सुरुवात केल्याचं, त्या मुलांनी तिला त्यांची भाषा शिकवल्याचं, बाजारात आता एकटी जाऊन भांडून भाव करत असल्याचं, सगळं आम्ही अण्णांच्या घोगऱ्या आवाजात ऐकलं. पत्री घाल, काढ, असं कोणाच्या मनातही आलं नाही. मधे एका जागी ताई बरंच काही बोलली आणि अण्णा गप्प राहिले.

"मदलं काय?" आईनं विचारलं.

"ते माझ्यापुरतं हाय."

एरवी आई उलथनं घेऊन उठली असती. त्या दिवशी ती नुसती पोस्टकार्डाएवढ्या ताईकडे बघत राहिली. चित्र संपल्यावर तिनं अण्णांच्या बाहीला धरून त्यांना आपल्याकडे वळवलं, अगदी समोर, आणि हळू, एकेक शब्द तोंडात मोठा करून विचारलं, "पर आता बरी हाय ना ती?"

"बरी हाय," अण्णा म्हणाले. "म्या बघितलं."